ह्यो रकानो माझो न्हय

घाडीभाऊ फॉर्म भरायला बसले की आधी खिडकी लावून घेत. मालवणचा वारा टेबलावरच्या कागदाला सुखाने पडू देत नाही, आणि भाऊंच्या मते उडालेला फॉर्म कधीच वेळेवर पोचत नाही. मग चष्मा. त्याची एक काडी कधीच मोडलेली; तिच्या जागी काथ्याची बारीक दोरी कानाला गुंडाळलेली. मग तोंडातलं पान थुंकायची आठवण. पण खिडकी तर लावलेली! ती पुन्हा उघडायची, पान थुंकायचं, पुन्हा लावायची. एवढा सोहळा उरकला की ते समोरच्याकडे पाहून विचारत, "हां. आता सांग, तुझा नाव काय?" जणू गेली तीन वर्षं आमची हजेरीपत्रकं दुसऱ्याच कोणी लिहिली होती.

भाऊ आमच्या कॉलेजात हेडक्लार्क होते. ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता आणि आम्ही पत्त्यात 'सिंधुदुर्ग' हा शब्द लिहायची सवय करत होतो. बी. ए., बी. एस्सी. होईपर्यंत आमचं घरचं जेवण सुटत नसे. त्यापुढे शिकायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूर नाहीतर पणजी. घरात विचारावं तर घरातला पहिला पदवीधर आपणच. प्राध्यापकांना विचारावं तर प्रत्येकाला आपलाच विषय जगात थोर वाटे. त्यामुळे निकाल लागला की सगळे भाऊंच्या टेबलापुढे रांग लावत. भाऊ स्वतः मॅट्रिक होते. त्याबद्दल त्यांना खंत होती की नाही, ते मला कधी कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात नाना विद्यापीठांची माहितीपत्रकं सुंभाने बांधून ठेवलेली असत. त्यांना ते 'परासपेटस' म्हणत. दुपारच्या सुट्टीत इतर लोक वर्तमानपत्र वाचत, भाऊ परासपेटस वाचत. तेही पहिल्या पानापासून, नियम-अटींसकट, मधूनच हसत. कुठल्या वसतिगृहात पाणी किती वाजता जातं, कुठल्या विभागात सर बोलके आहेत आणि कुठल्या विभागात नुसते हुशार आहेत, हे मागे गेलेल्या मुलांच्या पत्रांवरून त्यांना ठाऊक असे. एका गोष्टीवर मात्र ते फार अडून बसत. "थंय मेसात बांगडो गावाचो नाय," ते गंभीरपणे सांगत, "मगे तुझा एम. ए. कसा होताला?"

फॉर्म ते नेहमी दोन मागवत. "एक चुकूक, एक भरूक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलणं चोवीस तास मालवणी, पण कागदावर उतरताना ती भाषा दारातच चपला काढून थांबे. 'सदर उमेदवार उपरोक्त पत्त्यावर वास्तव्यास आहे' असलं कडक इस्त्रीचं मराठी ते लिहीत. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "भाऊ, तुम्ही बोलता तसं लिहीत का नाही?" तर म्हणाले, "कागदार मालवणी लिवची नसता गो. शाई रुसता."

नाव, गाव, जन्मतारीख, गुण, सगळे रकाने ते वळणदार अक्षरात भरत. फक्त एक रकाना कोरा सोडत. 'विषय' असं जिथे छापलेलं असे, तिथे आले की पेन टेबलावर ठेवत, फॉर्म फिरवून आमच्यापुढे सरकवत आणि हात मागे बांधून बसत.

"ह्यो रकानो माझो न्हय," ते म्हणत. "ह्यो तुझो."

आता खरी गंमत पुढे होती. भाऊंच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे माणसाची बाजू मांडणं. घाडी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. पहाटे देवळात गाऱ्हाणं घालून भाऊ साडेदहाला ऑफिसात येत, आणि गाऱ्हाण्याचा सूर काही संध्याकाळपर्यंत जिभेवरून उतरत नसे. कोऱ्या रकान्यापुढे पोर घुटमळायला लागलं की ते डोळे मिटत आणि ऑफिसातच सुरू करत.

माझ्या वेळी असंच झालं. इंग्रजीत एम. ए. केलं की नोकरी हमखास, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. मी पेन हातात घेऊन नुसती बसले होते.

"बा विद्यापीठाच्या देवा म्हाराजा," भाऊंनी सूर लावला, "ह्या तुझा लेकरू बी. ए. पास होवन तुझ्या दारात इलाहा..."

"होय म्हाराजा!" शिपाई आणि रांगेतली मुलं म्हणाली.

"तेका इंग्रजीत एम. ए. करूचा आसा, तर तेचा मनोरथ पुरो कर रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," मीही म्हणाले.

"नाय तर मगे इतिहासात करूचा आसा, तर थंय तेचा पाऊल रोवन दी रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

भाऊंनी डोळे उघडले. "शैले, पयल्याक तू हजेरी दिलंस. दुसऱ्याक जीव दिलंस. लिव आता."

मी 'इतिहास' लिहिलं आणि पुढे तीस वर्षं तोच शिकवला. ज्या चौघांनी इंग्रजी सुचवलं होतं त्यांचे चेहरेही आता आठवत नाहीत.

एवढीच त्यांची विद्या. ते कोणाला सल्ला देत नसत, फक्त कान देत. आमच्या आधीच्या वर्षी आतल्या गावातला एक परब म्हणून मुलगा आला होता, शेतकऱ्याचा. भाऊंनी तीन विषयांची तीन वाक्यं म्हटली, आणि तिन्हींना पठ्ठ्याने सारखीच मरगळलेली हजेरी लावली. भाऊंनी त्याचा फॉर्म कपाटात ठेवून दिला. "घराक जा. एक वर्स बापाशीच्या काजीत काम कर. मगे ये." परबाचे वडील तावातावाने भांडायला आले, पण भाऊ हलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये परब आला तो एक वही घेऊन. काजूच्या पानांवर जेवढ्या तऱ्हेचे डाग पडतात तेवढी पानं त्यात चिकटवलेली. त्याच्यासाठी भाऊंना वनस्पतिशास्त्राचं गाऱ्हाणं घालावंच लागलं नाही.

आमचे प्राचार्य साताऱ्याकडचे, शिस्तीचे. नवे नवे आले तेव्हा हा गलका ऐकून केबिनमधून तरातरा बाहेर आले. "घाडी, हे काय चाललंय? बंद करा आधी!" साहेबांशी बोलताना भाऊ लगेच कागदावरचं मराठी काढत. उभे राहून नम्रपणे म्हणाले, "क्षमा असावी साहेब. सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच तोडता येत नाही. देव अर्ध्यावर उभा राहतो." प्राचार्यही हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिले. पुढे पुढे तर तेच केबिनमधून 'होय महाराज' म्हणायला लागले, आणि भाऊ इथून त्यांना सुधारत, "महाराज नव्हे साहेब, म्हाराजा. शेवट ओढायचा."

अशा या माणसाने आयुष्यात एकदाच दुसऱ्याचा रकाना भरला, आणि तोही आपल्या मुलीचा.

सुलभा माझी शाळेपासूनची मैत्रीण. अर्थशास्त्र घेऊन तिला पहिला वर्ग मिळाला होता. पण अर्थशास्त्र ती नीटनेटक्या मुलीने घर झाडावं तसं करत असे, मनापासून नव्हे. तिचा जीव होता एका जाड वहीत. एकाच वाऱ्याला देवबागचे लोक काय म्हणतात आणि कुडाळकडचे काय म्हणतात, मुलीला 'चेडू' कुठल्या गावापर्यंत म्हणतात, वाडीतल्या म्हाताऱ्या रागावल्यावर कोणते शब्द वापरतात, ते ती त्या वहीत लिहून ठेवी. आम्ही तिला वेड्यात काढत होतो. मग एका दुपारी बाबांची परासपेटसं आवरताना तिला पुण्याच्या माहितीपत्रकात एक पान सापडलं. भाषाशास्त्र, एम. ए. बोलींचा अभ्यास. कुठल्याही विषयाचा पदवीधर चालेल. ते पान दुमडून, माहितीपत्रक घेऊन ती धावत माझ्याकडे आली. आपण जे वेड म्हणून लपवत होतो त्याची पदवी मिळते, हे तिला खरंच वाटेना.

बाबांना सांगायचं कसं? तिने आईला सांगितलं, आईने बाबांना. आणि शंभर पोरांचं मन ओळखणारे भाऊ म्हणाले, "भाषेचा शास्त्र? बोलूक ती दोन वर्सांची असतानाच शिकली. तेच्यासाठी पुण्याक कित्याक जावक व्हया?" कोल्हापूरला सुलभाची मावशी होती. तिथे राहावं, अर्थशास्त्र करावं, मग बँक आहेच. सुलभाने धीर करून म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी एकदा गाऱ्हाणा घाला मा." तर म्हणाले, "आपल्या पोराचा गाऱ्हाणा आपण घालूचा नसता. जीभ आडी येता."

असला काही नियम नाही हो. मी पुढे चार घाड्यांना विचारून खात्री केली आहे.

कोल्हापूरचा फॉर्म डाकेत पडायचा तो शेवटचा दिवस. तीनच्या गाडीने टपाल जायचं. मी दाखला न्यायला ऑफिसात गेले तेव्हा अडीच वाजले होते. खिडकी लावलेली. टेबलावर भरलेला फॉर्म, शेजारी पाकीट आणि डिंकाची बाटली. सुलभा टेबलापाशी उभी, ओठ दाबून धरलेले. मी फॉर्मकडे पाहिलं. सगळं भाऊंचं अक्षर. 'विषय' या शब्दापुढे, त्याच वळणदार अक्षरात, 'अर्थशास्त्र'.

मला राग आला. खरं सांगायचं तर मला फसवल्यासारखं वाटलं. सगळ्यांना जो रकाना मिळाला तो हिला का नाही? पण भाऊंना उलट बोलायची आमची पद्धत नव्हती. आणि मग मला सुचलं, की आपल्या पोराचं गाऱ्हाणं आपण घालायचं नसेल तर दुसऱ्याने घालायला काय हरकत आहे? बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. ती मी त्या दिवशी मोडली. मी डोळे मिटले.

"बा विद्यापीठाच्या देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा," भाऊ म्हणाले. पाकिटावर पत्ता लिहिता लिहिता, मान वरही न करता, हे मला नंतर सुलभाने सांगितलं. एवढ्या वर्षांची सवय. म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं पेन थांबलं.

"ह्या टेबलार जो काय ह्यो फॉर्म पडलो आसा, तेचे सगळे रकाने भाऊंनी मोत्यासारख्या अक्षरात भरले आसत..."

"होय म्हाराजा!" शिपाई खुशीत म्हणाला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"पण जो रकानो आपलो न्हय म्हणान भाऊ आमका सगळ्यांका सांगत इले, तो रकानोय आज तेंनीच भरून टाकलो आसा..."

शिपायाने नुसतं खाकरलं. तेवढ्यात केबिनमधून प्राचार्यांचा आवाज आला, अगदी अचूक, शेवट ओढून, "होय म्हाराजाऽऽ!"

"शैले, पुरो झाला!" भाऊंची खुर्ची मागे सरकली.

"भाऊ, सुरू झालेला गाऱ्हाणा मधी तोडूचा नसता," मी डोळे मिटलेलेच ठेवून म्हटलं. "देव अर्ध्यार उभो ऱ्हवता."

खुर्ची करकरली. ते खाली बसले.

"ह्या तुझा लेकरू कोल्हापुराक अर्थशास्त्र करूक जाताला, तर तेका यश दी रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सुलभा म्हणाली. हजेरी.

"नाय तर पुण्याक भाषेचा शास्त्र शिकूक जाताला, तर थंय तेचा पाऊल रोवन दी रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

सुलभाचा आवाज फाटला. ती इतक्या मोठ्याने ओरडू शकते हे तिलाही ठाऊक नसावं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी थबकलं. मी डोळे उघडले. भाऊंचे मिटलेले होते, मान किंचित कलती, दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकताना असे तशीच.

"आयकलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. त्यात पुण्याचे दोन फॉर्म होते. एक कोरा, एक भरलेला. नाव, गाव, जन्मतारीख, गुण, सगळं जागच्या जागी. 'विषय' तेवढा रिकामा. शाई जुनी दिसत होती.

"बाबा, ह्यो केदवा भरलास?" सुलभाने त्या शाईवर बोट ठेवलं.

"म्हयनो झालो. परासपेटसातला ता पान दुमडलेला बघितलंय तेदवाच." त्यांनी चष्मा काढला, कानाची दोरी सोडवायला जरा जास्तच वेळ घेतला. "दुसऱ्यांच्या पोरांचा चुकला तर ती माका चार शिवये देतली, बस झाला. तुझा चुकला तर मी खंय जाव? म्हणान माका तुझा 'होय म्हाराजा' आयकूकच नको होता."

"चुकला तर दुसरो फॉर्म आसा मा, बाबा," सुलभा म्हणाली.

भाऊ हसले. फॉर्म फिरवून त्यांनी तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि हात मागे बांधून लावलेल्या खिडकीकडे पाहत बसले. त्या खिडकीतून काहीही दिसत नव्हतं.

तीनच्या डाकेत पुण्याचं पाकीट गेलं. जाताना एस. टी. स्टँडवर भाऊंनी मुलीच्या हातात सुक्या बांगड्यांचं असं काही पुडकं दिलं की शेजारच्या बाकावरचे लोक दुसरीकडे जाऊन बसले. पुण्याच्या मेसवर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत सुलभा घरी आली ती विभागाचा टेपरेकॉर्डर घेऊन. तिला प्रबंधिकेसाठी गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करायची होती. मीही सुट्टीत आले होते. त्यानंतर मला लांबची नोकरी लागली, गावाकडे येणं कमी झालं आणि भाऊंची माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे मला ते दिसतात ते त्या दुपारचेच. घरापुढच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात पाटावर बसलेले, अंगात धुतलेला सदरा, समोर यंत्र, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"घाला बाबा," सुलभाने बटण दाबलं.

"कोणासाठी घालू?"

"कोणासाठीय घाला. मी फक्त भाषा बघतलंय."

"तसा नसता गो. कोणासाठी नाय असा गाऱ्हाणा आयकूक देव काय रिकामो बसलोहा?" यंत्रातल्या चकत्या नुसत्याच फिरत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या माझ्या पोटचा लेकरू आज दूरदेशासून तुझ्या दारात इलाहा..."

"होय म्हाराजा!" मी आणि काकी, म्हणजे सुलभाची आई, म्हणालो. सुलभाने आवाज न करता बोट ओठांवर ठेवलं होतं. तिला मुद्रण स्वच्छ हवं होतं.

"तेचो बापूस भियालो होतो, तर तेच्या बापाशीक क्षमा कर रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," काकी एकटीच म्हणाली.

"आता ता जंय जायत थंय तेची भाषा तेच्याबराबर ऱ्हवांदे, आणि तेका लाज वाटांदे नको रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

ही सुलभा. बोट ओठांवरून कधीच निसटलेलं, आवाज पुन्हा फाटलेला. ते मुद्रण प्रबंधिकेच्या काही कामाचं उरलं नाही. पुढे तिला पिंगुळीला जाऊन दुसऱ्यांची गाऱ्हाणी घ्यावी लागली.

यंत्र बंद झालं. सुलभाने नाक पुसून कॅसेटबरोबरची छापील चिठ्ठी काढली. निवेदकाचं नाव, वय, गाव, तिने भराभर लिहिलं. 'विषय' आला. तिने पेन थांबवलं, चिठ्ठी फिरवून भाऊंपुढे सरकवली आणि हात मागे बांधून बसली.

"ह्यो रकानो माझो न्हय, बाबा."

भाऊंनी चष्म्याची दोरी कानाला गुंडाळली. वाऱ्याने चिठ्ठी उडू नये म्हणून तिच्यावर डाव्या हाताचा पंजा ठेवला. आता 'उपरोक्त' आणि 'सदर' येणार म्हणून मी पुढे वाकून पाहत होते. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात दोनच शब्द लिहिले, आणि शाई अजिबात रुसली नाही.

'माझा चेडू.'